सात वाजताचा फोन

संकेत हजारेचं प्रतिरूप दुसऱ्या वर्षाच्या सहाव्या महिन्यात साहेबाशी कडाकडा भांडलं होतं. खुद्द संकेत अजून कुणाशीच भांडला नव्हता. तो बिचारा सांगलीच्या विश्रामबागेत नोकरीच्या सल्लागार हर्षदा कोपर्डे यांच्या टेबलासमोर बसला होता. ज्या कंपनीची पायरीही आपण चढलो नाही, तिथल्या साहेबाला आपण असं काय बोललो असू, याचा तो विचार करत होता.

"मी असा नाहीये हो मॅडम," तो शेवटी म्हणाला.

हर्षदाबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. गेली बारा वर्षं त्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण हेच म्हणत आला होता आणि प्रत्येक जण अगदी तसाच निघाला होता.

हे प्रतिरूप प्रकरण काय ते एकदाच नीट सांगून टाकायला हवं, म्हणजे पुढे अडायला नको. प्रतिरूप म्हणजे माणसाची गणिती नक्कल. तुमच्या मनगटावरचा पट्टा आणि खिशातला फोन मिळून तुमच्या सहा महिन्यांच्या नोंदी ठेवतात. तुम्ही किती वाजता उठलात, कुणाचा फोन कितव्या घंटीला घेतलात, रागावल्यावर नाडी किती चढली आणि उतरायला किती वेळ लागला, सगळं त्यात येतं. या नोंदींतून जो साचा तयार होतो त्याला ठसा म्हणतात. नोकरीचा अर्ज केला की तुमच्या ठशावरून प्रतिरूप उभं करतात आणि कंपनीच्या तशाच गणिती नकलेत सोडून देतात. चाळीस मिनिटांत ते तिथे दहा वर्षं नोकरी करतं. तीही एकदा नाही, हजार वेळा, दर खेपेला थोड्या वेगळ्या नशिबाने. त्या हजार नोकऱ्यांची मिळून एक रेषा काढतात. रेषा सरळ असली तर काम झालं. मध्ये कुठे खड्डा असला, म्हणजे त्या सुमारास बहुतेक वेळा तुम्ही नोकरी सोडली असा त्याचा अर्थ, आणि अर्ज परत.

कंपनीला पहिल्या पाच वर्षांचीच काळजी, म्हणून अहवालात रेषाही पाच वर्षांचीच छापतात. खड्ड्याखाली कारणाचा एकच शब्द असतो: वाद, कंटाळा, आजार किंवा घर. त्यापलीकडे उमेदवाराला काही सांगत नाहीत.

हर्षदाबाई या धंद्यात आल्या तेव्हा त्या पोरांना सांगायच्या की बायोडाटा एका पानाचा ठेवा, दहा मिनिटं आधी पोचा आणि पगाराचा आकडा आधी समोरच्याला बोलू द्या. प्रतिरूपं आली आणि हा सगळा उपदेश एका झटक्यात रद्दीत गेला. मुलाखतच राहिली नाही, तर पोचायचं कुठे? बरोबरीच्या कितीतरी सल्लागारांनी दुकानं गुंडाळली. हर्षदाबाई मात्र टिकल्या, कारण त्यांना एक गोष्ट सगळ्यांच्या आधी उमगली. ठशाला फसवता येत नाही. तुम्ही शांत असल्याचं नाटक कराल, पण नाडी चुगली करते. तेव्हा रेषा सरळ करायची तर माणूसच बदलायला हवा, आणि सवय रक्तात उतरायला सहा महिने पुरतात. याला त्या 'ओळ सरळ करणं' म्हणायच्या. या कामात सांगली-मिरजेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"भाऊ आहे?" त्यांनी संकेतला विचारलं.

"आहे. धाकटा."

त्यांनी त्याला रोज संध्याकाळी भावाशी कॅरम खेळायला सांगितलं. आणि रोज हरायचं. राग येईल तो येऊ द्यायचा. आज त्याची नाडी खाली यायला सोळा मिनिटं लागत होती, ती चारावर आली की परत यायचं. संकेतचा चेहरा पडला, पण त्याने वहीत लिहून घेतलं. सगळेच घेत, कारण कोपर्डे मॅडमचं ऐकलेल्यांना नोकऱ्या लागत होत्या.

संकेत गेला आणि सात वाजता फोन वाजला. तो रोज सातलाच वाजायचा. कधी हर्षदाबाई करायच्या, कधी पलीकडून यायचा. पलीकडे असायची शाल्मली, त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात शिकून तिथेच एका लहानशा कचेरीत लागलेली. ती नऊ वर्षांची असताना वडील गेले, आणि पुण्याला हॉस्टेलवर गेली त्या पहिल्या दिवसापासून सातचा फोन कधी चुकला नव्हता. कधी बोलायला काही नसायचं, तेव्हा दोघी आपापलं जेवण करत नुसता फोन चालू ठेवायच्या.

त्या दिवशी मात्र शाल्मली रडत होती. नॉर्वेतल्या बर्गन गावच्या पूल बांधणाऱ्या कंपनीने तिचा अर्ज तिसऱ्यांदा परत केला होता.

आता पूल म्हणजे या मुलीचं वेड. पाच वर्षांची असताना सांगलीतल्या आयर्विन पुलावर बापाच्या खांद्यावर बसून तिने विचारलं होतं, की खाली एवढं पाणी असताना याचे पाय बुडत कसे नाहीत. त्या प्रश्नाचं उत्तर शोधत ती इंजिनियर झाली. समुद्राच्या खाडीवर तरंगते पूल बांधणारी ही कंपनी म्हणजे तिचा देव होता. गुण होते, हुशारी होती, शिफारसपत्रं होती. आडवा येत होता तो चौथ्या वर्षाचा खड्डा. तिन्ही अहवालांत तोच, आणि खाली तोच शब्द: घर.

शनिवारी ती सांगलीला आली आणि तिन्ही कागद आईपुढे ठेवून जमिनीवरच बसली. हर्षदाबाईंनी ते कागद तीनदा वाचले. 'घर' या शब्दाची चारशेच्या वर प्रकरणं त्यांच्या हातून गेली होती आणि बहुतेकांत अर्थ एकच निघाला होता. गावाकडे कुणीतरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं आणि पोरगं नोकरी सोडून धावतं. शाल्मलीच्या गावाकडे एकच माणूस होतं.

आणि हे सगळं त्यांनी स्वतःच्या अंगावर भोगलेलं होतं. तिशीत असताना त्यांना पुण्यात चांगली नोकरी होती. आईच्या किडन्या गेल्या आणि त्या राजीनामा देऊन सांगलीला आल्या. सहा वर्षं डायलिसिसच्या फेऱ्या मारल्या. आई गेली तेव्हा पुण्यातली खुर्ची कधीच दुसऱ्याची झाली होती. आईची सेवा केली याचा त्यांना पश्चात्ताप नव्हता. पण आपल्या मुलीने आपल्यासाठी तेच करावं, या विचाराने त्यांना झोप लागेना. सकाळी त्यांनी चहा ठेवला आणि शाल्मलीला समोर बसवलं.

"शालू, तुझ्या ओळीतला खड्डा मी आहे," त्या म्हणाल्या.

शाल्मलीला वाटलं आई थट्टा करतेय. मग तिला कळलं की ही थट्टा नाही, कोपर्डे मॅडम बोलतायत. उपाय त्यांनी रात्रभरात ठरवला होता. आई आजारी पडली तरी धावत न येणारी मुलगी व्हायचं, आणि ते नुसतं ठरवून होत नाही. सहा महिने आईचा फोन घ्यायचा नाही, दिवाळीला यायचं नाही, पत्र नाही की निरोप नाही.

"पण सात वाजता मी फोन करणार," हर्षदाबाई म्हणाल्या. "रोज. वाजू द्यायचा आणि उचलायचा नाही."

"मग करतेस तरी कशाला? करूच नकोस ना."

"वाजलाच नाही तर सवय मोडत नाही, बाळा. नुसती दबून राहते, आणि ठशात ते दिसतं. तो वाजायला हवा, आणि तुला काही वाटेनासं व्हायला हवं."

शाल्मलीला नकार द्यायचा होता. पण नॉर्वेही हवी होती, आणि आईचं आजवर कधी चुकलं नव्हतं. "सहाच महिने ना?" तिने विचारलं. सहाच, हर्षदाबाईंनी सांगितलं. नोकरी लागली की पुन्हा पूर्वीसारखं. हे त्यांना मनापासून खरं वाटत होतं, म्हणून त्या खोटं बोलल्या असं म्हणता येत नाही.

सल्लागाराच्या परवान्यावर उमेदवाराचा ठसा रोज बघता येतो. पहिल्या दिवशी सात वाजता त्यांनी फोन लावला. दुसऱ्या हातात शालूच्या नाडीचा आकडा होता. घंटी वाजली आणि आकडा सत्तरवरून एकशे बारावर गेला. फोन वाजून वाजून थांबला. आकडा खाली यायला चाळीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ हर्षदाबाई हलल्या नाहीत. पोर तिकडे फोनकडे बघत बसली असणार, हे त्यांना इकडे दिसत होतं. त्यांना स्वतःची चीड आली, तरी दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी पुन्हा फोन लावला.

दुसऱ्या महिन्यात आकडा एकशे चारला आला. दिवाळीत त्यांनी चकल्या तळल्या आणि सगळ्या शेजारी वाटून टाकल्या. नरकचतुर्दशीला सात वाजता आकडा परत एकशे दहावर गेला. त्याने त्यांना लाजिरवाणा आनंद झाला आणि मग त्यांनी वहीत 'पिछेहाट' असं लिहिलं. पौष आला. आकडा पंचाण्णव, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याऐंशी असा उतरत गेला. मार्चमधल्या एका मंगळवारी फोन पुरता वाजला आणि आकडा सत्तरवरून हललाच नाही. त्यांनी खात्री करायला पुन्हा लावला. सत्तर.

'ओळ सरळ', त्यांनी वहीत लिहिलं. आपल्या कामात आजवर इतकं चोख यश त्यांना आलं नव्हतं. त्यांनी वही मिटली आणि त्या पदर तोंडात धरून रडल्या.

चौथ्या अर्जाला बर्गनच्या कंपनीने होकार दिला. शाल्मली निघण्याआधी दोन दिवस सांगलीला आली, आईच्या पाया पडली आणि तिचे आभार मानले. चांगले, नीट शब्दांत मानले. विमानतळावर तिने मागे वळून हातही केला.

पूर्वीसारखं काही झालं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन यायचा, अकरा-बारा मिनिटांचा. तब्येत कशी आहे, गोळ्या घेतेस ना, इथे बर्फ आहे, पूल पुढे सरकतोय. हर्षदाबाईंनी आपणहून केलेला फोन ती कधीच घ्यायची नाही. पहिलं वर्ष त्यांना वाटलं, नवीन काम आहे, रमली असेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, तिकडचं वारं लागलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी काही वाटून घेणं सोडून दिलं. गावात मात्र त्यांचा भाव वधारला. स्वतःच्या मुलीला नॉर्वेला पोचवणारी बाई म्हणून लोक मुलं घेऊन यायचे, आणि 'घर' शब्दाचा खड्डा असला तर त्या सातच्या फोनचाच उपाय सांगायच्या. तीसेक पोरांच्या ओळी त्यांनी तशा सरळ केल्या.

शाल्मलीच्या नोकरीचं चौथं वर्ष लागलं तशी त्यांच्या मनात एक धाकधूक सुरू झाली. याच वर्षी आपल्याला काहीतरी होणार होतं. किडनी की हृदय? त्यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. काही निघालं नाही. त्याने धीर यायच्या ऐवजी धाकधूक वाढलीच.

अशात फेब्रुवारीमध्ये सल्लागारांच्या शिबिरासाठी डॉ. तन्वीर बागवान सांगलीला आले. प्रतिरूपाचं गणित ज्या चार-पाच जणांनी मांडलं त्यांतले हे एक, मूळचे मिरजेचेच. त्यांनी एक नवा नियम सांगितला. प्रतिरूप दहा वर्षं फक्त कचेरीत बसत नाही, ते घरीही जातं, आजारी पडतं, सणवार करतं. हा भाग कंपन्या विकत घेत नाहीत, म्हणून तो आजवर कुलूपबंद होता. त्याला 'घरची बाजू' म्हणतात, आणि आता उमेदवाराची परवानगी असेल तर ती उघडता येणार होती.

हर्षदाबाईंनी शाल्मलीकडे परवानगी मागितली. एका मिनिटाच्या आत ती सहीसकट आली. कशाला हवी, असं तिने विचारलं नव्हतं.

शिबिर संपल्यावर डॉक्टर हर्षदाबाईंच्या केंद्रात चहाला आले. हर्षदाबाईंनी जुन्या, पहिल्या अर्जाचा क्रमांक पुढे केला. आपल्याला काय होणार ते एकदा कळलं तर आपण आपली व्यवस्था लावू, मुलीला तोशीस नको, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"हे भविष्य नाही हं, बाई," डॉक्टर म्हणाले. "हे गणित आहे. हजार वेळा खेळून बघितलेला डाव. पण तुमच्या तब्येतीचे कागद त्यात होते. जवळच्या माणसांचे ठसेही आम्ही थोडेफार घालतो."

त्यांनी यंत्र उघडलं, काही वेळ वाचलं आणि कप खाली ठेवला.

"तुम्हाला काहीच होत नाही," ते म्हणाले. "दहाव्या वर्षापर्यंत ठणठणीत आहात तुम्ही. साखर थोडी वाढते, एवढंच."

"मग ती परत का येते?"

"आजारी ती पडते."

हजारांपैकी आठशे सत्तर वेळा, डॉक्टरांनी सांगितलं, मुलगी तिसऱ्या वर्षापासून कामात इतकी बुडते की झोप जाते, जेवण जातं. चौथ्या वर्षी एका सकाळी तिला अंथरुणातून उठता येत नाही. आणि त्या संध्याकाळी ती एक फोन करते. जवळजवळ प्रत्येक वेळी सात वाजता.

त्यांनी पडदा हर्षदाबाईंकडे वळवला. हजारांतल्या एका आयुष्याच्या कोरड्या नोंदी होत्या, प्रतिरूपाच्या भाषेत.

चौथं वर्ष, मार्च. उमेदवार सांगलीत. अकरा दिवस, रोज चौदा तास झोप. आई प्रश्न विचारत नाही. मऊ भात, मेतकूट.

एप्रिल. उमेदवार आईसोबत पुलापर्यंत चालते. परत येते.

जून. उमेदवार हसते. कारण: आईने चहात मीठ घातले.

सहावं वर्ष, ऑगस्ट. उमेदवार पुन्हा कामावर रुजू, लहान कंपनी, पुलांचीच. टिकाव उत्तम.

दहावं वर्ष. सात वाजता फोन. दोघी जेवत आहेत. संभाषण नाही.

हर्षदाबाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. आपण कधी न केलेला भात, आपण कधी न घातलेलं मीठ. त्या नोंदींतली ती बाई आपल्यापेक्षा किती शहाणी होती, आणि तिला हे ठाऊकसुद्धा नव्हतं. अहवालात पाच वर्षंच छापतात. सहाव्या वर्षी रेषा वर गेली होती, आधीपेक्षाही वर. सोळा वर्षं रोज खड्डे वाचणाऱ्या या बाईला खड्ड्यानंतर काय होतं ते बघावंसं कधी वाटलं नव्हतं.

"आणि ओळ सरळ केल्यानंतरची हजार?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी दुसरा क्रमांक उघडला. त्यांना तो दाखवायचा नव्हता हे दिसत होतं.

"यात ती आजारी पडत नाही का?"

"पडते. तेवढीच पडते."

"मग?"

"फोन करत नाही. कामावर जाते." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "रेषा शेवटपर्यंत सरळ आहे, बाई. रेषा फक्त हजेरी मोजते."

घरच्या बाजूला 'आई' या रकान्यात दहाही वर्षांपुढे एकच शेरा होता: नोंद नाही.

हर्षदाबाईंनी त्याच संध्याकाळी सात वाजता फोन उचलला आणि त्या तो तसाच धरून बसल्या. लावता येईना. न उचललेली प्रत्येक घंटी सवय आणखी पक्की करते, हे त्यांच्याहून चांगलं कुणाला ठाऊक होतं? हा उपाय त्यांचाच. मग त्यांनी ठरवलं की फोन नकोच, आपणच जायचं. व्हिसा, तिकीट, लोकरीचे मोजे यात सव्वा महिना गेला. मेतकुटाची पुडी सामानात सगळ्यात वर ठेवली. पोचल्यावर काढायला उशीर नको, हे त्यांच्या डोक्यात होतं.

बर्गनच्या विमानतळावर शाल्मली वेळेवर हजर होती. हर्षदाबाईंनी तिला आधी ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आली होती आणि कानामागचे केस विरळ झाले होते. तिने आईची बॅग घेतली, प्रवास कसा झाला ते विचारलं आणि गाडीत बसल्यावर एक बैठक फोनवरच उरकली. घर स्वच्छ होतं. शीतकपाटात चार डबे आणि दुधाची पिशवी. आईसाठी जवळच्या हॉटेलात तिने चांगली खोली घेऊन ठेवली होती, कारण आपण पहाटे तीनला उठतो, तुझी झोपमोड होईल, असं ती म्हणाली.

दोन दिवस हर्षदाबाईंनी काही विचारलं नाही. त्या नोंदीतल्या बाईने विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. शाल्मली उभ्या उभ्या पाव खात होती, तोही तिने अर्धाच खाऊन बाजूला ठेवला.

"शालू, सोड ही नोकरी. घरी चल माझ्याबरोबर. नुसती झोप. कुणी काही विचारणार नाही."

शाल्मलीने आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, चीडही नव्हती. काही समजत नसलं की माणूस बघतो तसं तिने पाहिलं.

"कशासाठी? चार वर्षांत एक रजा नाही माझी. ओळ एकदम सरळ आहे." मग ती थोडी हसली, आईला बरं वाटावं म्हणून. "तूच तर केलीस ना."

चुकलं माझं, असं हर्षदाबाई म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. शाल्मलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तू उगाच मनाला लावून घेतेस असं म्हणाली आणि टेबलाशी जाऊन नकाशा उघडला. हर्षदाबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि तांदूळ धुतले. मऊ भात करायचा होता, पाणी जास्त घालून. उघड्या दारातून त्यांना मुलीची पाठ, टेबल आणि खिडकीतली खाडी दिसत होती. तिकडे एप्रिलमध्ये संध्याकाळीही लख्ख उजेड असतो.

भात शिजून झाला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. त्यांनी ठरवून काही केलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने हाताने आपला फोन घेतला आणि लावला.

शाल्मलीच्या कोपरापाशी पडलेला फोन वाजू लागला. पडद्यावर 'आई' अशी अक्षरं उजळलेली त्यांना दारातून दिसली. घंटी जुनीच होती, हॉस्टेलपासूनची. शाल्मलीने फोनकडे पाहिलं नाही. दुर्लक्ष करतेय असंही नव्हतं. तिची पेन्सिल एका खांबाच्या पायाशी बारीक रेघ ओढत होती आणि ती रेघ जराही थांबली नाही. तिच्या मनगटावरच्या पट्ट्यावर हिरवा आकडा होता. हर्षदाबाई दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांनी तो वाचला. सत्तर. फोन पुरता वाजला आणि आपोआप थांबला. सत्तरच.

"शालू," त्या म्हणाल्या, "फोन वाजत होता गं तुझा."

"हो?" शाल्मलीने वर पाहिलं. "कुणाचा होता?"

"कुणाचा नाही," हर्षदाबाई म्हणाल्या, आणि भात वाढायला घेतला.